श्रीमती कमलाबाई निंबकर

आज सकाळी शाळेत येण्यापूर्वी तुम्ही कोणकोणती कामे केलीत, याची यादी करावयास सांगितले, तर ती दोन ओळींतच संपेल. दात घासले, स्नान केले, गणवेष चढविला, पोह्यांची बशी रिकामी केली, दप्तर पाठीस अडकविले, झाली यादी. परंतु सदऱ्याचे एक बटण लावताना अंगठ्याने व तर्जनीने एकमेकांस कशी साथ दिली, मनगट किती वळले, डोळ्यांनी न पाहताही बोटांस काज कसे सापडले, हे तुमच्या ध्यानातही आले नसेल. ते ध्यानात येते हात निकामी झाल्यावर. पक्षाघाताने ज्यांची एक बाजू लुळी पडली आहे अशा गृहस्थांस, यंत्रात बोटे सापडलेल्या कामगारास, पोलिओने पाय वाळलेल्या मुलास हीच यादी पर्वताएवढी वाटते. वैद्यांनी प्राण वाचविलेले असतात, शस्त्रवैद्यांनी हाड जुळविलेले असते, रुग्णालयाच्या वहीत रोगी बरा झाला अशी नोंदही होते. आणि तो घरी जाऊन खाटेवर बसून राहतो, कारण घास तोंडापर्यंत न्यावयास दुसऱ्याचा हात लागतो.

रोग्याचा हा राहिलेला अर्धा प्रवास पुरा करून देणारी एक विद्या आहे. तिला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. हा शब्द मला फारसा आवडत नाही. व्यवसाय म्हटले की लोकांना दुकान किंवा नोकरी आठवते, आणि हे शास्त्र म्हणजे रोग्यास धंदा मिळवून देण्याची एखादी योजना असावी असा समज होतो. माझी घरची भाषा कोंकणी. कोंकणीत कामाला वावर म्हणतात. मराठीत वावर म्हणजे हिंडणेफिरणे, चार माणसांत असणे. या एका शब्दात दोन्ही भाषांनी मिळून त्या विद्येचे वर्णन करून ठेवले आहे असे मला नेहमी वाटते. माणसाला पुन्हा काम करता यावे आणि पुन्हा चार माणसांत वावरता यावे, एवढ्यासाठी ती आहे. ही विद्या शिकविणारी भारतातील, किंबहुना सर्व आशिया खंडातील पहिली शाळा ज्यांनी उभारली, त्या कमलाबाई निंबकर यांचे चरित्र आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक लहानसा पंथ. या पंथाच्या लोकांची उपासना म्हणजे एकत्र जमून शांत बसणे. युद्धाला त्यांचा विरोध, गुलामगिरीला त्यांचा विरोध, आणि दुःखितांची सेवा हे त्यांचे व्रत. आपल्या विषयाशी या पंथाचे एक जुने नाते आहे, ते येथेच सांगून टाकतो. इंग्लंडमधील यॉर्क या गावी विल्यम ट्यूक नावाच्या क्वेकर गृहस्थांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी एक आश्रयस्थान उघडले. त्या काळी वेड्यांना साखळदंडांनी बांधून ठेवीत. यॉर्कच्या आश्रयस्थानात साखळदंडांऐवजी बागकाम आणि शिवणकाम होते, आणि माणसासारखी वागणूक होती. हाताला काम मिळाले की मनाचे विस्कटलेले धागे पुन्हा जुळू लागतात, हा अनुभव तेथे आला आणि हळूहळू इतर देशांत पसरला.

एलिझाबेथ यांचा विवाह विष्णु निंबकर यांच्याशी झाला आणि १९३० मध्ये त्या भारतात आल्या. ते मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. अशा वेळी एका गोऱ्या स्त्रीने हिंदी माणसाची पत्नी होऊन, कमला हे नाव धारण करून मुंबईत संसार थाटावा, ही साधी गोष्ट नव्हती. राज्यकर्त्यांच्या रंगाची, परंतु राज्यकर्त्यांच्या बाजूची नसलेली अशी त्यांची जागा होती. पुढील सारे आयुष्य त्यांनी याच देशास दिले.

प्रारंभीच्या वर्षांत त्यांनी मुंबईतील खार या भागात लहान मुलांसाठी नव्या धर्तीची शाळा चालविली. पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष कृतीतून मुलांनी शिकावे हा त्या धर्तीचा गाभा. १९३७ मध्ये वर्ध्यास महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम ठरविले, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. त्या काळात हाताच्या कामाकडे पाहण्याची देशाची दृष्टीच बदलत होती. कमलाबाई पुढे रोग्यांकडे वळल्या तेव्हा त्या काही वेगळ्याच क्षेत्रात शिरल्या असे बाहेरून वाटते. मला तसे वाटत नाही. मूल करून शिकते. आजाऱ्यासही करूनच पुन्हा शिकावे लागते. शिक्षिका तीच राहिली, वर्ग मात्र बदलला.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कमलाबाईंच्या वयाची पंचेचाळीस वर्षे उलटली होती. या वयात माणसे साधारणतः मुलांच्या परीक्षांची काळजी करतात. कमलाबाई स्वतः परीक्षा द्यावयास निघाल्या. अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फिया येथील व्यवसायोपचाराच्या विद्यालयात त्यांनी रीतसर नाव घातले. हे विद्यालय १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्थापन झालेले. त्याच्या एकच वर्ष आधी, १९१७ च्या मार्च महिन्यात, न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मूठभर मंडळींनी एकत्र येऊन या विद्येची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापिली होती. युद्धाने हातपाय तुटलेले, मने खचलेली हजारो तरुण माणसे परत पाठविली आणि त्यांना पुन्हा उभे करण्यासाठी शिकविलेल्या स्त्रियांची गरज भासली. दुसऱ्या महायुद्धाने ती गरज आणखी वाढविली. कमलाबाई हे शिक्षण पुरे करून परतल्या तेव्हा भारत स्वतंत्र झाला होता.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एखाद्या रुग्णालयात बसून रोज दहा-वीस रोग्यांवर उपचार करावे, ही एक. तिच्यात पुण्य होते, रोग्यांचे आशीर्वाद होते, आणि कटकट मुळीच नव्हती. दुसरी वाट शाळा काढण्याची. तिच्यात अर्ज होते, मंजुऱ्या होत्या, अभ्यासक्रम, वेळापत्रक, परीक्षक आणि प्रमाणपत्र होते. कमलाबाईंनी दुसरी वाट धरली. दोन हातांनी किती रोगी होणार? दरवर्षी काही नवे हात तयार झाले पाहिजेत, आणि तेही असे की त्यांच्या कौशल्याची खात्री कोणासही पटावी.

मुंबईत परळ येथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात, ज्याला सारे के. ई. एम. म्हणतात, १९५० मध्ये ही शाळा सुरू झाली. या रुग्णालयाची आणि त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९२६ ची. ज्यांनी महाविद्यालयासाठी देणगी दिली त्यांची अट अशी होती की, येथे शिकविणारे अध्यापक भारतीयच असावेत. भारतीयांच्या बुद्धीवर विश्वास ठेवून उभी राहिलेली ही वास्तू अमेरिकेत जन्मलेल्या परंतु मनाने या देशाच्या झालेल्या स्त्रीच्या शाळेचे घर ठरली, हा योग मोठा विलक्षण. परळच्या भोवती त्या काळी कापडगिरण्यांची धुराडी उभी होती. हात हीच ज्यांची पुंजी, असे कामगार तेथल्या चाळींतून राहत. पोलिओची लस तेव्हा जगात कोठेच नव्हती. ती १९५५ मध्ये आली. म्हणजे शाळेला रोग्यांची वाण कधी पडणार नव्हती. वाण होती ती बाकी सगळ्या गोष्टींची.

असा अभ्यासक्रम उभारावयाचा म्हणजे काय काय जमवावे लागते, याची कल्पना येण्यासाठी एकच उदाहरण घेऊ. सुताराचा रंधा तुम्ही पाहिला आहे. लाकडावर रंधा पुढे ढकलताना खांदा पुढे जातो, कोपर सरळ होते, मूठ घट्ट आवळली जाते. तेव्हा ज्याचे कोपर मोडून आखडले आहे त्यास रंधा द्यावा हे कोणासही सुचेल. परंतु हाड अद्याप पुरते सांधले नसेल तर? रोग्यास हृदयविकार असेल तर? तो जन्मभर कारकुनी केलेला असून सुताराच्या कामाची त्यास लाज वाटत असेल तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास अस्थींचे ज्ञान हवे, दुसऱ्यास शरीराच्या क्रियांचे आणि रोगांचे, तिसऱ्यास मनाचे. म्हणून या विद्यार्थ्यांना वैद्यकाच्या विद्यार्थ्यांप्रमाणे शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, रोगविज्ञान आणि मानसशास्त्र शिकावे लागते. आणि त्यासोबत रंधा, माग, चरखा, माती, वेत हेही स्वतःच्या हातांनी करावे लागते, कारण मागाची पावडी दाबताना घोट्यास आणि गुडघ्यास काय होते हे पुस्तकात वाचून कळत नाही. बोटे वाकडी होऊ नयेत म्हणून हाताला बांधावयाच्या आधारपट्ट्या बनविणे, तुटलेल्या हाताच्या जागी बसविलेला कृत्रिम हात वापरावयास शिकविणे, हेही त्यातच आले. एवढे झाल्यावर खरा कस लागतो तो रुग्णालयाच्या खाटांमध्ये, शिक्षकांच्या देखरेखीखाली. जगभरच्या व्यवसायोपचारकांच्या महासंघाने पुढे असे प्रत्यक्ष काम निदान एक हजार तास झाले पाहिजे असा दंडक घालून दिला.

शाळा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात असण्याचे महत्त्व आता लक्षात येईल. शरीररचना शिकविणारे प्राध्यापक, शवविच्छेदनाचे दालन, सर्व तऱ्हेचे रोगी एकाच छपराखाली मिळतात. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. जेथे डॉक्टर हाच देव, तेथे टोपल्या विणावयास लावणाऱ्या या नव्या मंडळींना उपचारक म्हणून मान्यता मिळविणे सोपे नसते. रोग्याचे मन रमविण्याचा हा एक प्रकार आहे एवढेच पुष्कळांस वाटते. आजही वाटते.

आणखी एक अडचण होती. अमेरिकेतील पुस्तके अमेरिकेतील रोग्यांसाठी लिहिलेली. तेथील माणूस खुर्चीवर बसून काट्या-चमच्याने जेवतो, पायांत बूट घालतो. आपल्याकडील रोग्यास मांडी घालता आली पाहिजे, शौचास उकिडवे बसता आले पाहिजे, पाचही बोटांनी भात कालवता आला पाहिजे, नऊवारी किंवा धोतर नेसता आले पाहिजे. चमचा धरावयास शिकवून घरी पाठविलेला शेतकरी पंक्तीत बसताना पुन्हा परावलंबीच राहील. परदेशातून आणलेली ही विद्या येथील चुलीपर्यंत आणि ओसरीपर्यंत पोचली पाहिजे, हे ओळखल्यावाचून तिचे मूळ या भूमीत धरलेच नसते.

शाळा निघाली, परंतु एका शाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापलीकडे कोणत्या उपयोगाचे? ते कोणी मानावयाचे? म्हणून कमलाबाईंनी १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघाची स्थापना केली. त्याच वर्षी व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ निर्माण झाला, आणि तो स्थापन करणाऱ्या दहा राष्ट्रीय संघांत भारताचा संघ होता. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वीडन, डेन्मार्क अशा देशांच्या मांडीला मांडी लावून, जेमतेम दोन वर्षांच्या शाळेच्या बळावर भारत बसला! याला साहस म्हणावे की दूरदृष्टी, हे तुम्हीच ठरवा. महासंघाचे पहिले अधिवेशन १९५४ मध्ये एडिंबरो येथे भरले, आणि १९५८ मध्ये महासंघाने शिक्षणाचे किमान मानदंड प्रसिद्ध केले. कोणत्याही देशातील विद्यालयाने काय शिकवावे, किती शिकवावे आणि कोणी शिकवावे, याची ही सर्वमान्य मोजपट्टी होती. परळच्या शाळेत शिकलेल्या मुलीची विद्या लंडनमध्येही त्याच मापाने मोजली जावी, हे त्यामुळे शक्य झाले. भारतीय संघाचे नियतकालिक १९५५ मध्ये निघाले. पुढे १९६० पासून आशियातील पुनर्वसनकार्याला वाहिलेले एक इंग्रजी त्रैमासिक कमलाबाईंनी स्वतः संपादून चालविले. त्यांनी साठी गाठली होती. मुद्रिते तपासणे, वर्गणीदारांस स्मरणपत्रे धाडणे ही कामे किती कंटाळवाणी असतात हे या वार्षिकाच्या संपादक मंडळास चांगले ठाऊक आहे.

मुंबईनंतर दुसरी शाळा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निघाली. आपल्या भोपाळच्या वाचकांस नागपूरचे नाव जवळचे वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी भोपाळ नव्या राज्याची राजधानी झाले आणि कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे नागपूर सोडून या तळ्यांच्या गावी आली. तुमच्यापैकी काहींचे आजोबा-पणजोबा त्यांत असतील. कचेऱ्या इकडे आल्या, वैद्यकीय महाविद्यालय अर्थात तेथेच राहिले, आणि त्यानंतर काही वर्षांतच विदर्भातील मुलांना ही विद्या घराजवळ शिकावयास मिळू लागली.

कमलाबाईंच्या घरची माणसेही कर्तबगार निघाली. त्यांचे पुत्र बनबिहारी निंबकर यांनी सातारा जिल्ह्यातील फलटण येथे शेती केली आणि १९६८ मध्ये कृषिसंशोधनाची संस्था काढली. सूनबाई जाई निंबकर या प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या कन्या व स्वतः लेखिका. कमलाबाईंचे देहावसान १९७९ मध्ये झाले. भारतातील पुनर्वसनाचा व व्यवसायोपचाराचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९८० मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण येथे मराठी माध्यमाची एक शाळा सुरू केली. बर्नसन या देखील अमेरिकेतून येऊन महाराष्ट्राच्या झालेल्या. त्या शाळेस त्यांनी कमला निंबकर बालभवन असे नाव दिले. रुग्णालयाला नव्हे, तर मुलांच्या शाळेला त्यांचे नाव लाभले हे मला फार उचित वाटते.

त्यांच्या मूळ शाळेची कथा मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही. प्रारंभी पदविकेपुरता असलेला हा अभ्यासक्रम पुढे विद्यापीठाच्या पदवीचा झाला. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याने साडेचार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम चालविला. त्यांतील अखेरचे सहा महिने रुग्णालयातील प्रत्यक्ष सेवेचे. परंतु या व्यवसायाची नोंदवही ठेवणारी, कोण पात्र व कोण तोतया हे ठरविणारी अखिल भारतीय वैधानिक परिषद काही होईना. डॉक्टरांना ती होती, परिचारिकांना होती. महाराष्ट्राने आणि दिल्लीने आपापल्यापुरते कायदे केले. संसदेने यासंबंधीचा कायदा केला तो २०२१ मध्ये. १९५० मध्ये शाळा आणि २०२१ मध्ये कायदा. मध्ये एकाहत्तर वर्षे गेली. शाळा काढणाऱ्यांनी किती लांबच्या मुक्कामाची तयारी ठेवावी लागते ते यावरून दिसेल.

कमलाबाई गेल्या त्यानंतर पाच वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, आपल्या या शहरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. मृतांविषयी आपण दरवर्षी बोलतो. जे जगले त्यांतील अनेकांची फुप्फुसे आणि डोळे कायमचे दुबळे झाले. हमालास ओझे उचलवेना, गृहिणीस चार पोळ्या लाटून होताच धाप लागू लागली. अशा रोग्यास औषध तर हवेच. परंतु काम बसून कसे करावे, त्याचे तुकडे कसे पाडावे, धाप लागण्यापूर्वी कोठे थांबावे, शेगडी किती उंचीवर मांडावी, हे शिकविणारा माणूसही हवा असतो. असा माणूस एका रात्रीत तयार होत नाही. त्याला चार-साडेचार वर्षे लागतात, आणि त्याच्या शिक्षकांना त्याहून अधिक. वायूने पीडित झालेल्या वस्त्यांतील रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोन स्त्रियांनी २००४ मध्ये मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या रकमेतून चिंगारी न्यास उभा केला, आणि तेथे जन्मतः अपंगत्व आलेल्या मुलांवर व्यायामोपचार, वाचोपचार व विशेष शिक्षण होऊ लागले. बेरसिया मार्गाच्या बाजूस राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्या वस्त्या परक्या नाहीत. तेथे कोणा मुलाने पहिल्यांदा आपल्या हाताने घास तोंडात घातला, तर ती बातमी वर्तमानपत्रात येत नाही. घरी मात्र त्या दिवशी गोडधोड होते.